पुतळी उलटी करण्याआधी: जुन्या जर्मन पोर्सेलिन पुतळ्यांच्या नादी लागणाऱ्यांसाठी

आमच्या आत्याच्या पुण्यातल्या घरी शोकेसमध्ये एक मड्डम असते, पोर्सेलिनची, म्हणजे उंची चिनी मातीची पुतळी. गुलाबी झगा, त्याला लेसच्या तीन झालरी, हातात पंखा, आणि उजव्या हाताची करंगळी गायब. लहानपणी तिला हात लावला की पाठीत धपाटा बसायचा. आत्याच्या सासऱ्यांनी ती कुठल्याशा रेल्वेतल्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतली, एवढीच तिची कुळकथा. पुढे नोकरीसाठी मी ड्रेस्डेनला आले, तेव्हा आत्याचा पहिला फोन हवापाण्याबद्दल नव्हता. "अगं, तिथंच आहेस तर आपल्या मड्डमची किंमत काढून ये की!"

त्या किमतीच्या मागे लागता लागता मी स्वतःच या नादाला लागले. ज्यांच्या घरी अशी एखादी मड्डम आहे, किंवा जे जर्मनीत राहतात आणि शनिवारच्या जुन्या बाजारात अशा पुतळ्यांसमोर रेंगाळतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी तज्ज्ञ नाही. फक्त शिकवणीची फी भरपूर भरली आहे.

सुरुवातीलाच एक सवय मोडा. नवखा माणूस पुतळी हातात घेतो आणि ताबडतोब उलटी करतो. खाली निळ्या रंगात दोन तलवारी दिसल्या की त्याचे डोळे चमकतात, आणि ते चमकलेले विक्रेत्याला दिसतात. तळाची खूण सगळ्यात सोपी असते, म्हणून तिची नक्कलही सगळ्यात सोपी. चेहरा, बोटं, झग्याची चूण, चौथऱ्यावरचं पान यांची नक्कल अवघड. तेव्हा वाचायची वरून खाली. उलटी करायची सगळ्यात शेवटी.

आधी पैसे नको, पाय झिजवा

पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका. ज्यांना शक्य आहे त्यांनी ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यातला पोर्सेलिनचा संग्रह पाहावा. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तिथला राज्यकर्ता, आणि पोलंडचा राजा ऑगस्ट, ज्याला 'बलाढ्य ऑगस्ट' म्हणत, त्याने १७१५ मध्ये तो सुरू केला. आज तिथे वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. हा ऑगस्ट म्हणजे सगळ्या संग्राहकांचा मूळपुरुष. १७१७ मध्ये त्याने आपले ६०० घोडेस्वार प्रशियाच्या राजाला देऊन टाकले आणि बदल्यात चिनी पोर्सेलिनचे १५१ नग घेतले. ड्रॅगून म्हणजे घोडेस्वार, म्हणून त्यातल्या मोठ्या बरण्यांना आजही 'ड्रॅगून बरण्या' म्हणतात. घरात आणखी एक बशी आणली म्हणून कुणी बोललं, तर हा दाखला द्या.

त्याच संग्रहात पांढऱ्या पोर्सेलिनचे मोठमोठे प्राणी आहेत, ड्रेस्डेनमधल्याच 'जपानी राजवाडा' नावाच्या ऑगस्टच्या वाड्यासाठी घडवलेले. त्यात योहान गोटलीब किर्शनरने १७३० च्या सुमारास केलेला एक गेंडा आहे. अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि पाठीवर एक जादा, छोटं शिंग! मराठी माणसाने या गेंड्यापाशी जरा थांबावं, कारण त्याचा प्रवास गोव्याहून सुरू झाला. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला गेंडा भेट दिला, अल्बुकर्कने तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढवला आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्युररने प्राणी स्वतः न पाहता, आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचं लाकडी ठशाचं चित्र काढलं. दोनशे वर्षांनी ड्रेस्डेनजवळच्या माइसन गावातल्या पोर्सेलिन कारखान्यात तेच चित्र पोर्सेलिनमध्ये उतरलं, चुकीच्या शिंगासकट. पुढे १७४७ मध्ये क्लारा नावाची खरीखुरी गेंडीण ड्रेस्डेनला आली. तीही भारतातलीच, लहानपणी पकडून कलकत्त्याहून हॉलंडला नेलेली. ती पाहिल्यावर माइसनच्या कारागिरांचा गेंडा सुधारला.

हे सगळं ऐतिहासिक गमतीसाठी सांगत नाही. पुतळीमागे बहुतेक वेळा एखादं छापील चित्र असतं, हे पक्कं डोक्यात बसवा. ते मूळ चित्र सापडलं की पुतळीचा काळ, तिची मूळ ऐट आणि नंतर कुणी बदलून बसवलेला हात, सगळं समजायला लागतं.

ड्रेस्डेन लांब असेल तर म्युनिकजवळ लुस्टहाइमच्या छोट्या राजवाड्यात एर्न्स्ट श्नायडर या उद्योजकाने जमवलेला माइसनचा संग्रह आहे. लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आहे. भारतात राहणाऱ्यांनी हैदराबादला सालारजंग संग्रहालयातली युरोपीय पोर्सेलिनची दालनं चुकवू नयेत. पाहताना एकच कपाट निवडा आणि त्यासमोर अर्धा तास उभे राहा. वीस कपाटं पाहून काहीच लक्षात राहत नाही.

पेणचा गणपती आठवा

पुतळी कशी बनते हे कळलं की निम्मी फसवणूक टळते. आपल्याकडे पेणच्या कारखान्यात गणपती होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटकन समजेल.

कलाकार आधी मूळ नमुना घडवतो. त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा प्लास्टरचा साचा करतात. डोकं वेगळं, धड वेगळं, हात वेगळे. साच्यातून निघालेले ओले भाग पातळ केलेल्या त्याच मातीने जोडतात. हे जोडकाम करणाऱ्याला जर्मनीत 'बोसिअरर' म्हणतात. सांधा पुसून काढणं, बोटं सुटी करणं, केसांच्या बटा आणि चौथऱ्यावरची फुलं हाताने लावणं, हे सगळं त्याचं काम. म्हणून एकाच साच्यातल्या दोन पुतळ्या कधीच सारख्या नसतात. एकीची मान जरा कललेली असते, दुसरीचा पंखा अंमळ वर असतो.

माती म्हणजे केओलिन ही पांढरी माती, आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजं. भाजण्याचं तापमान १४०० अंश सेल्सियसच्या आसपास. भट्टीत वस्तू जवळजवळ एक षष्ठांशाने आकसते. आकसताना मऊ पडते, वाकते, म्हणून पसरलेल्या हातांना आणि उडत्या वस्त्रांना भट्टीत आधार द्यावे लागतात. पुतळीच्या मागे झाडाचं खोड कशाला असतं, असा प्रश्न मला पडायचा. ते निसर्गप्रेम नव्हे. तो टेकू आहे.

या आकसण्यामुळे कधी चौथऱ्याखाली किंवा सांध्यापाशी भेग पडते. ही भट्टीतली भेग. तिच्या कडा गोलसर असतात आणि बऱ्याचदा आत झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा चकाकणारा थर, उतरलेली दिसते. नंतर आपटून गेलेला तडा मात्र केसासारखा, तीक्ष्ण असतो आणि त्यात मळ बसून तो करडा दिसतो. पहिलीला जन्मखूण समजा. दुसऱ्याला इजा. किमतीत फरक मोठा पडतो.

निळा कोबाल्ट झिलईच्या खाली, मोठ्या आचेत टिकतो. बाकीचे बहुतेक रंग झिलईवर लावून कमी आचेत पुन्हा भाजतात. म्हणून गुलाबी झग्यावरून बोट फिरवलं तर रंग किंचित जाणवतो आणि झिजलेलाही असू शकतो. तळाच्या निळ्या तलवारी झिजत नाहीत. त्या झिजलेल्या दिसल्या तर त्या झिलईवर मागाहून काढलेल्या आहेत, असं बेलाशक समजा.

लेसच्या झालरी कशा करतात हे ऐकून आत्या थक्क झाली होती. खरी सुती लेस पातळ मातीत बुडवायची, पुतळीच्या अंगावर चुण्या पाडून चिकटवायची आणि भाजायची. सूत जळून जातं, मातीची जाळी मागे राहते. ती इतकी ठिसूळ असते की अखंड जुनी लेस सापडणं मुश्कील.

आणि डोळे. पेणचा गणपती कुठल्या कारखान्यातला हे जाणकार डोळ्यांच्या आखणीवरून ओळखतात ना? इथेही तेच. चांगल्या अठराव्या शतकातल्या पुतळीचे डोळे दोन-चार फटक्यांत काढलेले असतात, भुवई बारीक, गालावर लाली असून नसल्यासारखी. नंतरच्या स्वस्त कामात डोळे भावलीसारखे टपोरे, गाल रंगवलेले आणि ओठ लालभडक. हा फरक पुस्तकात वाचून येत नाही. शंभर चेहरे पाहिल्यावर एकशे एकावा आपोआप खटकतो.

घराणी

गाण्यासारखीच इथेही घराणी आहेत, आणि गाण्यासारखंच प्रत्येकाला आपलं घराणं श्रेष्ठ वाटतं.

पहिलं माइसन. सोनं करून देतो म्हणणाऱ्या योहान फ्रीडरिश ब्योटगर या किमयागाराला ऑगस्टने कैदेत ठेवलं होतं. शास्त्रज्ञ त्शिर्नहाउस याच्या देखरेखीखाली प्रयोग करता करता १७०८ मध्ये त्याच्या हाती सोन्याऐवजी पोर्सेलिन लागलं. १७१० मध्ये माइसनच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना सुरू झाला. किल्ला का? तर गुपित बाहेर जाऊ नये म्हणून. ते तरीही गेलं.

पुतळ्यांचं युग मात्र १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर आला तेव्हा सुरू झालं. हा मुळात शिल्पकार. १७७५ मध्ये मरेपर्यंत तो माइसनमध्येच राहिला. विदूषक, फेरीवाले, खाणकामगार, प्रेमी युगुलं, पोपट, काय नाही केलं त्याने! या पुतळ्या शोकेससाठी नव्हत्याच. शाही मेजवानीत शेवटच्या गोडाच्या वेळी मेजावर आरास मांडत, ती आधी साखरेची असे. हलवाई साखरेची माणसं, बागा, कारंजी करत. आपल्याकडे संक्रांतीला हलव्याचे दागिने करणाऱ्या बायकांना या कामातला जीव कळेल. साखरेच्या जागी पोर्सेलिन आलं आणि आरास टिकाऊ झाली. म्हणूनच अस्सल जुनी पुतळी चारही बाजूंनी पाहण्यासारखी असते. मेजाभोवती पाहुणे सगळीकडून बसलेले असत. पाठ सपाट, कोरी, बिनरंगाची दिसली तर ती फडताळासाठी केलेली, बहुधा पुढच्या काळातली स्वस्त वस्तू.

केंडलरच्या वानरांच्या वाद्यवृंदाबद्दल सगळे बोलतात, मीही बोलणार. १७५३ च्या सुमाराचा हा संच, वीसेक वानरं, दरबारी पोशाखात, कुणी व्हायोलिन वाजवतंय, कुणी तुतारी. हा संच माइसन आजही बनवतं! नवख्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा धडा याच वाक्यात आहे. नमुना १७५३ चा असला म्हणून वस्तू १७५३ ची होत नाही. ती १८९० ची असेल, १९७५ ची असेल, गेल्या वर्षीचीही असेल. नमुन्याचं वय आणि वस्तूचं वय ही दोन वेगळी खाती. विक्रेते ती सोयीस्करपणे एकत्र करतात.

दुसरं घराणं न्युम्फेनबुर्ग, म्युनिकचं. कारखाना १७४७ चा. तिथे फ्रान्झ आंटोन बुस्टेली १७५४ मध्ये आला आणि १७६३ मध्ये वारला. जेमतेम नऊ वर्षं. त्याच्या इटालियन लोकनाट्यातल्या सोळा पात्रांचा संच पाहाल तर केंडलर एकदम जड वाटू लागेल. केंडलरची माणसं जमिनीवर पाय रोवून उभी असतात, बुस्टेलीची कंबरेत वळून जणू निसटायच्या बेतात असतात. चौथराही लाटेसारखा उसळून त्यांच्या गुडघ्यापर्यंत येतो. माझं मत विचाराल तर बुस्टेली. माझा खिसा विचाराल तर दोघेही नाहीत.

बाकीच्यांची नुसती ओळख करून देते. ह्योख्स्ट, खूण चाकाची, योहान पेटर मेल्शिओरची गोड मुलं. फ्रांकेनथाल, १७५५ ते अठराव्या शतकाची अखेर. लुडविग्सबुर्ग, व्युर्टेंबर्गच्या ड्यूकची हौस. फ्युर्स्टेनबर्ग, निळा 'एफ'. बर्लिन, १७६३ मध्ये फ्रेडरिक द ग्रेटने विकत घेतलेला कारखाना, खूण राजदंडाची.

उरतं थुरिंगिया, जंगलांचा आणि छोट्या कारखान्यांचा प्रदेश. इथे १७६० पासून राजेरजवाड्यांसाठी नव्हे, तर मध्यमवर्गासाठी माल निघू लागला. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात फोल्कश्टेट, सिट्झेनडोर्फ अशा गावांतून लेसवाल्या नर्तकी जगभर गेल्या. तुमच्या घरची मड्डम बहुतेक इथलीच. नाराज होऊ नका, आमचीही तिथलीच निघाली.

'ड्रेस्डेन' म्हणजे माइसन नव्हे

या एका घोळाने जितके खिसे कापले तितके चोरांनीही कापले नसतील. माइसन गाव ड्रेस्डेनपासून पंचवीसेक किलोमीटरवर. इंग्रज लोक माइसनच्या मालालाच 'ड्रेस्डेन चायना' म्हणत. पण एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेन शहरात रंगकाम करणारे अनेक खासगी कारखानदार होते. कोरा पांढरा माल बाहेरून घ्यायचा आणि त्यावर माइसनच्या धर्तीची फुलं काढायची. १८८३ मध्ये त्यातल्या चौघांनी मिळून मुकुटाखाली 'ड्रेस्डेन' अशी खूण नोंदवली. हेलेना वोल्फजोन नावाच्या बाईंच्या कारखान्याने तर ऑगस्टचीच जुनी 'ए आर' (ऑगस्टस रेक्स, म्हणजे राजा ऑगस्ट) ही जोड-अक्षरं वापरली, शेवटी कोर्टात हरल्यावर सोडली. तेव्हा खाली 'ए आर' दिसलं की ऑगस्टच्या दरबारातली वस्तू सापडली म्हणून नाचू नका. यातलं काही काम सुंदर आहे, पण ते त्याच्या स्वतःच्या भावाने घ्यावं.

आता पुतळी उलटी करा

एक हात चौथऱ्याखाली, दुसरा पाठीशी. हाताला किंवा डोक्याला धरून कधीही उचलायची नाही. खाली मऊ टॉवेल.

माइसनच्या तलवारी सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या. १७२० च्या दशकापासून त्या वापरात आहेत. अठराव्या शतकातल्या पुतळीवर ही खूण लहानशी, अनेकदा चौथऱ्याच्या मागच्या बाजूला, कधी तळाशी पुसट. तळ बहुधा बिनझिलईचा आणि घासून सपाट केलेला. तळाशी ऐटबाज मोठ्या तलवारी आणि अक्षर-आकड्यांचा कोरलेला नमुना क्रमांक असेल तर वस्तू बहुधा एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची. तलवारींखाली तारा असेल तर कारखान्याचा संचालक काउंट मार्कोलिनी याचा काळ, १७७४ ते १८१४. मुठींच्या टोकाला गोळे असतील तर साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९२४ पर्यंत. पात्यांच्या टोकांमध्ये ठिपका असेल तर १९२४ ते १९३४.

तलवारींवरून आडवे ओरखडे काढलेले दिसले तर ते कुणी खोडसाळपणाने केलेले नाहीत. कारखान्यानेच दुसऱ्या प्रतीचा म्हणून बाजूला काढलेला, किंवा न रंगवता विकलेला माल तसा खोडत. कोऱ्या मालावर बाहेर कुणीतरी रंग भरलेला असण्याची शक्यता असते. हे ओरखडे भरून लपवण्याचे उद्योगही होतात, म्हणून खुणेवर भिंग लावून पाहावं.

शब्द जास्त प्रामाणिक असतात. ब्रिटनने १८८७ मध्ये आणि अमेरिकेने १८९० च्या कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे खाली 'जर्मनी' किंवा 'मेड इन जर्मनी' छापलेलं असेल तर वस्तू त्यानंतरची. पूर्व जर्मनीचं पूर्ण नाव असेल तर १९४९ ते १९९० च्या मधली. मड्डमच्या तळाशी आत्याच्या भाच्याने टॉर्च मारून फोटो काढला, तेव्हा पुसट निळा मुकुट आणि 'जर्मनी' दिसलं. अठराव्या शतकाचं स्वप्न तिथेच विरलं.

आणि नकला? पॅरिसच्या सामसों या कारखान्याने १८४५ पासून जवळजवळ प्रत्येक नामांकित घराण्याची नक्कल केली. त्यातल्या चांगल्या नकलांना आता स्वतःचे संग्राहक आहेत. जगाचा न्याय!

बोटं मोजा

डागडुजी नसलेली जुनी पुतळी विरळाच. बोटं, पंखे, बासऱ्या, टोपीची पिसं, चौथऱ्यावरची पानं आधी जातात. मानेचा सांधा त्यानंतर. आधी बोटं मोजा. मग दोन्ही हात एकमेकांशी ताडून पाहा. पुन्हा बसवलेला हात बहुतेकदा जरा जाड असतो. अतिनील किरणांची छोटी बॅटरी ठेवा. अंधाऱ्या कोपऱ्यात तिच्या उजेडात नंतर लावलेला रंग आणि लुकण बऱ्याचदा वेगळं, दुधट किंवा पिवळसर दिसतं. काही नवी द्रव्यं मात्र या उजेडातही लपतात. म्हणून जुने लोक पुतळी हळूच ओठांना लावतात किंवा दाताला अलगद टेकवतात. पोर्सेलिन थंड आणि कडक, भरलेला भाग कोमट आणि बोथट लागतो. भर बाजारात पुतळीची पापी घेणारा सद्गृहस्थ दिसला तर हसू नका, त्याच्या मागे उभे राहा आणि तो काय खाली ठेवतो ते पाहा.

लिलावाच्या जर्मन याद्यांत हे सगळं लिहिलेलं असतं, पण आखडून. 'बेश्टोसन' म्हणजे टवके उडालेले. 'रेस्टाउरीअर्ट' म्हणजे डागडुजी केलेली. 'ब्रांडरिस' म्हणजे भट्टीतली भेग. 'मोडेल उम १७४५, आउसफ्युरुंग २०. यारहुंडर्ट' असं असेल तर नमुना १७४५ च्या सुमाराचा पण घडण विसाव्या शतकातली, म्हणजे वर सांगितलेली दोन खाती. 'नाख' म्हणजे 'याच्यावरून', त्याने स्वतः केलेली नव्हे. या पाच-सहा शब्दांची चिठ्ठी पाकिटात ठेवा.

खरेदी, आणि माझी फी

ड्रेस्डेनला एल्ब नदीकाठी आल्बर्ट पुलाजवळ शनिवारी जुना बाजार भरतो. पहिल्याच वर्षी एका बाजारात (हा नव्हे, दुसरा) मला तलवारींची खूण असलेला एक फळविक्या दिसला. विक्रेता म्हणाला, आजीचा. मी उलटा केला, तलवारी पाहिल्या, १८० युरो मोजले. घरी दिव्याखाली पाहते तर तलवारी झिलईच्या वर, नखाने खरवडल्यावर कड सुटली. चेहरा नीट पाहिला असता तर ही वेळ आली नसती. डोळे असे टपोरे की आत्याची मड्डम त्याच्यापुढे राणी. तो अजून माझ्या टेबलावर आहे, पेन ठेवायला.

त्यामुळे पहिली खरेदी लहान आणि फुटकी करा. हे मी गंभीरपणे सांगते. हात तुटलेली पण अस्सल अठराव्या शतकातली पुतळी धडधाकट एकोणिसाव्या शतकातलीपेक्षा कधीकधी स्वस्त मिळते, आणि शिकवते दसपट. तुटलेल्या जागी आतली माती दिसते, पोकळी दिसते, सांधा दिसतो.

लिलावात जायचं असेल तर आधीच्या प्रदर्शनाच्या दिवशी जा. तिथे वस्तू हातात घेऊन पाहता येते. आपला आकडा कागदावर लिहूनच आत बसा, आणि बोलीवर लिलावघराचं कमिशन वेगळं लागतं हे विसरू नका. मोठ्या ठिकाणी ते पाव हिश्श्याच्या आसपास किंवा वर जातं. फक्त फोटोवर खरेदी करायची झाली तर तळाचा, पाठीचा आणि हातांचा फोटो मागा. तळाचा लगेच येतो. हातांचा द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

एक सांगायला हवं. शोभेच्या, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या मालाच्या किमती पडल्या आहेत. जमवणारी पिढी वयस्क झाली, मुलांना शोकेसच नको आहे. १९३५ पासून निघालेल्या हुमेल बाहुल्या (गोंडस मुलांच्या छोट्या पुतळ्या) एकेकाळी गुंतवणूक म्हणून घेतल्या जात, आता घरं रिकामी करणारे त्या खोक्याच्या भावाने देतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ही चांगलीच बातमी आहे. विकायला निघालेल्याला नाही.

माणसं

प्रदर्शनाच्या दिवशी भेटणारे लोक हा या छंदाचा अर्धा आनंद. फक्त पग कुत्री जमवणारे एक आजोबा आहेत. पग का, विचारलं तर ते पोपच्या १७३८ च्या फर्मानापासून सुरुवात करतात. कॅथलिकांना फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघात जाण्यास बंदी झाली, मग काहींनी पग कुत्र्याच्या नावाने नवी गुप्त मंडळी काढली, आणि केंडलरने पग मांडीवर घेतलेल्या बायका घडवल्या. कुणी फक्त फेरीवाले जमवतं, कुणी एकच नमुना वेगवेगळ्या काळातला, शेजारी शेजारी मांडायला. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

या संग्रहांच्या मागे काळा इतिहासही आहे. बर्लिनचे मार्गारेट आणि फ्रान्झ ओपेनहायमर हे ज्यू दांपत्य माइसनचे मोठे संग्राहक. नाझींमुळे ते आधी व्हिएन्नाला गेले आणि १९३८ मध्ये तिथूनही त्यांना पळावं लागलं. त्यांचा बराच संग्रह हातोहात फिरत हिटलरसाठी विकत घेतला गेला, आणि युद्धानंतर नेदरलँड्सच्या संग्रहालयांत गेला. २०२१ मध्ये तो वारसांना परत मिळाला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे दीड कोटी डॉलरला गेला, अंदाजाच्या कितीतरी पट. ड्रेस्डेनच्या क्लेंपेरर कुटुंबाचा संग्रह नाझींनी जप्त केला आणि त्यातला मोठा भाग १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात चुराडा झाला. त्याचे तुकडेही पुढे लिलावात आले, आणि लोकांनी ते तुकडे म्हणूनच घेतले. म्हणून महाग वस्तू घेताना १९३३ ते १९४५ या काळात ती कुणाकडे होती हे विचारणं हा कागदोपत्री सोपस्कार नाही.

भारतातल्या शोकेससाठी

आपल्या जुन्या घरांत जर्मन पोर्सेलिनचा आणखी एक प्रकार सापडतो. रविवर्म्याच्या चित्रांवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत घडवलेल्या लक्ष्मी, सरस्वती, यशोदा-कृष्ण. खुद्द रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू होऊन लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला, तेव्हा हे नातं दोन्ही बाजूंनी होतं. या मूर्तींना आता चांगली मागणी आहे, आणि मागणी आली की नकला येतात. मुंबईच्या चोर बाजारात पाहाल तर साडीच्या चुण्या आणि बोटं आधी पाहा. इथेही नियम तोच.

दुसरं, कायदा. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलीला आजीची पुतळी पाठवायचा बेत असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा. सामानात कपड्यांत गुंडाळून नेण्याचा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांचं ऐकू नका.

म्हणून मड्डम पुण्यातच राहिली. मी तिची कुंडली आत्याला सांगितली: थुरिंगिया, साधारण पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, लेस दोन ठिकाणी तुटकी, किंमत इथल्या बाजारात तीस-चाळीस युरो. आत्या क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, "बरं, मग धुवायची कशी ते तरी सांग."

तर धुणं. लेसवाली पुतळी पाण्यात बुडवायचीच नाही. रंगकामाचा मऊ, नवा, रुंद ब्रश घ्यायचा आणि वरून खाली धूळ झाडायची. पत्र्याच्या पट्टीचा ब्रश असेल तर पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर टवका उडतो. लेस नसलेली, डागडुजी नसलेली पुतळी कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण घालून ब्रशने पुसावी, पण तळाशी टॉवेल अंथरूनच, आणि नळाच्या तोटीपासून लांब. सोनेरी रेघ चोळायची नाही. गरम पाणी नाही, भांडी घासायचं यंत्र तर अजिबात नाही. दिवाळीच्या साफसफाईत हे काम कामवाल्या मावशींवर टाकू नये, ते आपलं आपण करावं, एकटीने, दार लावून.

आत्याने ब्रश आणला. करंगळी मात्र बसवायची नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं.